पथक वाजतं दहा दिवस, चालतं मात्र वर्षभर!

'ते ढोलवाले' अशी आमची होस्टेलमध्ये ओळख आहे. संध्याकाळी मैदानावर आवाज करणारे, मेसला उशिरा येऊन शेवटच्या पोळ्या पळवणारे आणि सबमिशनच्या आदल्या रात्री जर्नल मागत दारोदार फिरणारे! तिन्ही आरोप मान्य. पण मित्रांनो, दोन वर्षं पथकाची जबाबदारी सांभाळल्यावर एक गोष्ट मला पटली आहे. ढोल वाजवायला दंडात जोर लागतो, पथक चालवायला मात्र डोकं लागतं. ते कसं, हे सांगण्यासाठी हा लेखप्रपंच.

'नाशिक ढोल' हे नाव आज मुंबईच्या वरातींपासून थेट केरळातल्या मिरवणुकांपर्यंत पोचलं आहे. विद्यार्थ्यांनी शिस्तीत पथक चालवायचं, ही रीत मात्र ज्ञान प्रबोधिनी, रमणबाग अशा पुण्यातल्या शाळांच्या पथकांनी रुजवली. आमचं पथक या दोन्हींचं देणं लागतं. ३५ ढोल, ९ ताशे, झांजा, एक टोल आणि दोन ध्वज एवढा आमचा संसार.

कॅलेंडरचं भांडण

पहिली अडचण तिथीची. चांद्र वर्ष साधारण ३५४ दिवसांचं, म्हणून गणपती दरवर्षी सुमारे ११ दिवस अलीकडे येतात. अधिक महिना आला की एकदम १८-१९ दिवस पुढे जातात. २०२२ मध्ये गणेश चतुर्थी ३१ ऑगस्टला होती. २०२३ मध्ये अधिक श्रावण आल्याने ती १९ सप्टेंबरला गेली. २०२४ मध्ये ७ सप्टेंबर, २०२५ मध्ये २७ ऑगस्ट आणि २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठामुळे पुन्हा १४ सप्टेंबर! विद्यापीठाच्या वेळापत्रकाला अधिक महिना ठाऊक नसतो. त्यामुळे एका वर्षी सराव भर पावसात, तर दुसऱ्या वर्षी ऐन परीक्षेच्या तोंडावर.

दुसरी अडचण पहिल्या वर्षाची. प्रवेशाच्या फेऱ्या लांबत जातात आणि नवी मुलं हातात येतात तेव्हा गणपती दारात उभे असतात. म्हणून आमच्याकडे पहिल्या वर्षाला गणपतीत ढोल मिळत नाही. ती मुलं पाणी देतात, दोर धरतात, ध्वज नाचवतात. त्यांचं खरं शिक्षण जानेवारीत सुरू होतं आणि पहिली परीक्षा गुढीपाडव्याच्या शोभायात्रेत. थोडक्यात, गणपतीतल्या पथकाचा पाया आदल्या पाडव्याला घातला जातो. हे न कळल्याने अनेक पथकं जुलैमध्ये सुरू होतात आणि सप्टेंबरमध्ये संपतात.

ताण आणि पाऊस

ढोलाच्या एका बाजूला हाताची थाप, दुसऱ्या बाजूला टिपरू. थापेचा आवाज खोल, टिपरूचा कडक. दोर आणि कड्यांनी पान ताणलं की स्वर चढतो. ताण चौपट केला की कंपनसंख्या दुप्पट होते, हे आपण पुस्तकात शिकलो, पण बोटांना फोड येईपर्यंत दोर ओढल्यावर ते पटतं! चामड्याचं पान दमट हवेत सैल पडतं, म्हणून बहुतेक पथकांनी आता प्लॅस्टिक किंवा फायबरचं पान घेतलं आहे. पावसात ते टिकतं, पण आवाजातला गोडवा थोडा कमी होतो. भाद्रपदातल्या नाशिकच्या पावसात दुसरा इलाजही नाही.

ताल का फाटतो?

हा खास आपल्या शाखेचा प्रश्न. आवाज हवेतून सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. पथकाची रांग ३४ मीटर लांब झाली, तर पुढचा ठोका मागच्याला ०.१ सेकंद उशिरा ऐकू येतो. मागचा बिचारा प्रामाणिकपणे त्या ठोक्यावर वाजवतो. त्याचा आवाज पुढे पोचेपर्यंत आणखी ०.१ सेकंद जातो. मिनिटाला १२० ठोके असतील, तर दोन ठोक्यांत अंतर फक्त ०.५ सेकंदाचं. त्यात ०.२ सेकंदाची चूक म्हणजे ताल फाटलाच! गंमत म्हणजे यात कुणीच चुकलेलं नसतं.

उपाय दोन. ताशे मधोमध ठेवायचे, म्हणजे कुणीही त्यांच्यापासून फार लांब राहत नाही. आणि कानापेक्षा डोळ्यावर भरवसा ठेवायचा, म्हणजे ताशाप्रमुखाचा हात पाहायचा, कारण प्रकाशाला उशीर होत नाही. अमेरिकेतल्या विद्यापीठांचे मोठे बँड फुटबॉलच्या मैदानावर वाजवतात, त्यांनाही हीच अडचण येते. तिथे तालवादक मागे उभे करतात आणि बाकीचे मागून येणाऱ्या आवाजावर वाजवतात.

२०२४ च्या विसर्जनाला जुन्या नाशकातल्या एका वळणावर आमची रांग लांबली. पुढच्यांना ताशाप्रमुख दिसेना आणि दोन पथकं वाजत असल्यासारखा गोंधळ झाला. तेव्हापासून वळण आलं की आम्ही वादन थांबवतो, रांग आवळतो आणि मग पुन्हा सुरू करतो. लोक ओरडतात, पण ओरडू द्यावं.

कानाची गोष्ट

आता जरा गंभीर. 'अजून वीस ढोल घ्या, दणका होईल,' असं प्रत्येक मंडळ म्हणतं. पण डेसिबलचं गणित लॉगरिदमचं आहे. २० ढोलांचे ४० केले, तरी वाढ फक्त ३ डेसिबलची. ऐकणाऱ्याला फरक जेमतेम कळतो. वाजवणाऱ्याच्या कानाला मात्र कळतो. अमेरिकेतल्या व्यावसायिक आरोग्य संस्थेच्या शिफारशीनुसार ८५ डेसिबलमध्ये दिवसाला ८ तास चालतात आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. म्हणजे १०० डेसिबलमध्ये फक्त १५ मिनिटं! आमच्या मिरवणुका चार-चार तास चालायच्या.

आमचा सर्वांत चांगला ताशेवाला माझा रूममेट होता. २०२४ च्या गणपतीनंतर त्याच्या कानात शिट्टी वाजू लागली. आम्ही आधी हसलो. मग रात्री त्याला झोप येईना. व्हायव्हाला सरांनी विचारलेला प्रश्न त्याने तीनदा विचारून घेतला आणि सरांना वाटलं, हा वेळ काढतोय. डॉक्टरांनी सांगितलं, ताशा बंद. शिट्टी कमी झाली, पण गेली नाही. त्या मुलाचा ताशा मीच लावून दिला होता आणि 'आज अजून अर्धा तास' हेही मीच म्हणालो होतो. ते अर्धे तास मी अजून मोजतो.

त्यानंतर आम्ही नियम केले. कानात फोमचे बोळे असल्याशिवाय ताशा हातात मिळत नाही (साध्या कापसाचा फारसा उपयोग होत नाही). वीस मिनिटं वादन, मग वादक बदलायचे. सराव रात्री आठला बंद. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत रात्री दहाची मर्यादा आहे, पण शेजारच्या खोलीत कुणी अभ्यास करत असेल तर कायद्याची वाट कशाला पाहायची? परीक्षेआधीचे पंधरा दिवस ढोल कुलुपात. तेव्हा सराव बाकावर, हातांनी. आणि ज्याची हजेरी कमी, त्याच्या कमरेला ढोल बांधायचा नाही, मग तो कितीही चांगला वाजवो. यामुळे २०२५ मध्ये आमचे सहा वादक कमी झाले. सुपाऱ्याही कमी घेतल्या. पण ताल एकदाही फाटला नाही.

किल्ली

कॉलेजच्या पथकाचा मोठा शत्रू पाऊस नाही, परीक्षा नाही. दरवर्षी सगळ्यांत अनुभवी मुलं निघून जातात, हा आहे! म्हणून एक वही ठेवा. दोर कधी बदलला, कोणत्या वळणावर थांबलो, कुणाचे पैसे बाकी आहेत आणि कुणाचा कान दुखला, सगळं लिहा. अंतिम वर्षाने शेवटच्या गणपतीत वाजवावं, पण प्रमुखपद तिसऱ्या वर्षाकडे द्यावं, म्हणजे चूक झाली तर सांगायला आपण असतो.

आमच्या वहीच्या पहिल्या पानावर नियम लिहिलेत, ते अक्षर माझ्या रूममेटचं आहे. तो आता पथकाचा हिशेब बघतो आणि सरावाला घड्याळ घेऊन उभा राहतो. वीस मिनिटं झाली की हात वर करतो. आणि पस्तीस ढोल एका क्षणात थांबतात.

— अंतिम वर्ष, यंत्र अभियांत्रिकी