गुळगुळीत अवकाशांची व्यापक संकल्पना : डिफिऑलॉजी

मॅनिफोल्ड म्हणजे लहान भागात युक्लिडीय भासणारा अवकाश. परंतु अशा अवकाशांचे भागाकार-अवकाश किंवा त्यांमधील फलांचे समुच्चय पुष्कळदा मॅनिफोल्ड राहत नाहीत. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील नरसिंहन व रामनन यांनी १९६१ मध्ये सार्वत्रिक कनेक्शनचे अस्तित्व सिद्ध केले. मात्र त्यासाठीचा अवकाश पायाच्या मितीनुसार निवडावा लागतो. सर्व मितींसाठी एकच हवा असल्यास तो अनंतमितीय होतो.

फ्रेंच गणिती सूर्यो यांनी १९८० मध्ये दिशाच उलटविली. युक्लिडीय विवृत संचांतून अवकाशात येणारी कोणती चित्रणे गुळगुळीत मानावयाची, एवढेच ठरवावयाचे. स्थिर चित्रणे त्यांत असावीत, आधी गुळगुळीत फल लावले तरी ती त्यांतच राहावीत आणि गुळगुळीतपणाची पडताळणी स्थानिक असावी. टोरसवरील अपरिमेय उताराची प्रत्येक रेषा एक बिंदू मानली, तर भागाकाराची संस्थिती काहीच सांगत नाही. डोनातो व इग्लेसियस यांनी १९८३ मध्ये दाखविले की डिफिऑलॉजी मूलतः भिन्न उतार वेगळे ओळखते. एम.एस्सी.च्या वर्गात हे उदाहरण क्वचितच येते, याची खंत वाटते.

बाएझ व हॉफनुंग यांनी (२०११) या अवकाशांच्या कॅटेगरीत भागाकार व फल-अवकाश दोन्ही मिळतात, हे स्पष्ट केले. त्याची किंमतही आहे : स्पर्शसदिशाच्या अनेक, परस्परांशी न जुळणाऱ्या व्याख्या संभवतात. तथापि मॅन्यो व वॉट्स यांनी २०१७ मध्ये मिल्नरच्या अनंतमितीय वर्गीकारक अवकाशावर याच भाषेत कनेक्शनची मांडणी केली.