ग्रंथालयाच्या नोंदवहीत जातीचा रकाना

गेल्या पावसाळ्यात लालबागच्या एका चाळीत राहणारी, कायद्याच्या दुसऱ्या वर्षाला शिकणारी एक मुलगी माझ्या दादरच्या कार्यालयात आली. हातात संगणकावरून काढलेली चार पाने होती. तिच्या महाविद्यालयाच्या संकेतस्थळावर ती पाने पडून होती आणि वर्गातल्याच कुणीतरी ती शोधून वर्गाच्या व्हॉट्सॲप गटावर टाकली होती. पाने होती ग्रंथालयाच्या पुस्तकपेढीच्या रजिस्टरची. विद्यार्थ्याचे नाव, वर्ग, नेलेल्या पुस्तकाचे नाव, सही आणि शेवटचा रकाना 'प्रवर्ग'. सदतीस नावे. त्यातले एक तिचे.

मुलगी घाबरलेली नव्हती, चिडलेली होती. म्हणाली, "सर, मी जात लपवत नाही. चौदा एप्रिलला मिरवणुकीत पुढे असते. पण सांगायची तर ती मी सांगेन ना? हे कोण सांगणारे?"

महाविद्यालयाला पत्र पाठवले. चार दिवसांत पाने उतरवली गेली. ग्रंथपालबाईंना भेटलो तेव्हा त्या बिचाऱ्या रडकुंडीला आल्या होत्या. कंत्राटी नोकरी, हाताखाली एक शिपाई. त्यांचे म्हणणे असे की, नॅकने पुरावा मागितला म्हणून आम्ही रजिस्टर स्कॅन करून चढवले. ते खोटे नव्हते. महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या २०१७ नंतरच्या चौकटीत ग्रंथालयाचा दररोज किती जण वापर करतात, याला गुण होते आणि त्यासाठी येणाऱ्या-जाणाऱ्यांची तसेच लॉगिनची आकडेवारी द्यावी लागे. आकडा मागितला होता. आमच्या महाविद्यालयांनी नावे दिली. त्यानंतर मी कुतूहलाने इतर संकेतस्थळे चाळली. ग्रंथालयाच्या हजेरीवहीची अशी पाने नावांसह, सह्यांसह आणखीही ठिकाणी सापडली. कुणाच्या मनात काही वाईट नव्हते. कुणाच्या मनात काही आलेच नव्हते, हीच अडचण आहे.

पुस्तकपेढी कशासाठी, हे या पानाच्या वाचकाला सांगायला नको. वैद्यकीय, अभियांत्रिकी, कायदा या अभ्यासक्रमांची पुस्तके आमच्या मुलांना विकत घेणे परवडत नाही, म्हणून अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी ती शासनाच्या योजनेतून मिळतात. तो हक्क आहे, उपकार नव्हे. पण त्या हक्काची नोंद उघडी पडली की तीच यादी वर्गातल्या दुसऱ्या कुणाच्या हातात वेगळ्या कामाला येते. मुंबईत हे वेगळे सांगावे लागू नये. २०१९ साली नायर रुग्णालयात डॉ. पायल तडवी यांनी आत्महत्या केली आणि वरिष्ठ सहकाऱ्यांनी जातीवरून छळल्याचा खटला उभा राहिला. पवईच्या आयआयटीला २०२३ मध्ये विद्यार्थ्यांसाठी लेखी सूचना काढावी लागली की, प्रवेश परीक्षेतील क्रमांक एकमेकांना विचारू नका. क्रमांक विचारणे म्हणजे जात विचारणे, हे संस्थेला उशिरा का होईना, कळले. पुस्तकपेढीच्या यादीत तर विचारण्याचीही गरज नाही.

बाबासाहेब शाळकरी भीमराव होते तेव्हा गिरगावात, चर्नी रोडच्या बागेत शाळा सुटल्यावर वाचत बसत. तिथे त्यांना कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजी भेटले. केळुसकरांनी पुस्तके दिली, आणि भीमराव मॅट्रिक झाले त्या सत्कारात स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले. हा प्रसंग आपण दरवर्षी भाषणात ऐकतो. मला त्यात एक साधी गोष्ट दिसते. दहा बाय बाराच्या खोलीत राहणाऱ्या मुलाला वाचायला बागेतले बाकडे लागते आणि आपण काय वाचतो आहोत याचा हिशेब न मागणारा माणूस लागतो. परळ-लालबागच्या अभ्यासिकांत आज रात्री बारापर्यंत दिवे जळतात ते याच गरजेपोटी.

पुढे बाबासाहेबांनी दादरला 'राजगृह' उभारले ते ग्रंथांसाठी, आणि १९४६ साली सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केले. त्यांच्या संग्रहातले ग्रंथ फोर्टमध्ये सिद्धार्थच्या ग्रंथालयात आहेत. त्यांचे गुरू जॉन ड्युई यांच्या पुस्तकांत बाबासाहेबांनी ओढलेल्या रेघा देशोदेशीचे अभ्यासक येऊन तपासतात आणि त्यावरून त्यांचा विचार कसा घडत गेला ते मांडतात. म्हणजे माणूस काय वाचतो, कोणत्या ओळीवर थांबतो, यावरून त्याच्या मनाचा ठाव लागतो. महापुरुषाच्या बाबतीत तो इतिहास असतो. वीस वर्षांच्या, अजून काही ठरवलेले नसलेल्या पोराच्या बाबतीत ती हेरगिरी होऊ शकते.

जुन्या ग्रंथालयात हा धोका फारसा नव्हता, आणि त्याचे श्रेय कुणाच्या तत्त्वनिष्ठेला नाही, पुठ्ठ्याच्या तिकिटाला आहे. आमच्या पिढीला आठवत असेल. प्रत्येक विद्यार्थ्याला दोन-तीन तिकिटे मिळत. पुस्तकाच्या आतल्या खिशातले कार्ड काढून तुमच्या तिकिटात घालायचे आणि ते तारखेच्या मागे लाकडी खोक्यात लावायचे. याला ग्रंथालयशास्त्रात ब्राऊन पद्धत म्हणतात. पुस्तक परत आले की कार्ड पुस्तकात, तिकीट विद्यार्थ्याच्या हातात. मागे राहायचा फक्त तारखेचा शिक्का. अमुक पुस्तक तीन वर्षांपूर्वी कोणी नेले होते, हे खुद्द ग्रंथपालालाही सांगता येत नसे. संगणकाचे उलटे आहे. तो सांगितल्याशिवाय काही विसरत नाही, आणि आपल्याकडे त्याला विसरायला सांगणारा कुणी नेमलेलाच नाही.

आता हे सगळे संगणक एकमेकांना जोडले जात आहेत. जोडणे चांगलेच आहे, माझा त्याला विरोध नाही. १९९० च्या दशकात मुंबईत 'बोनेट' नावाचे ग्रंथालयांचे जाळे विणायचा प्रयत्न झाला, तोही एका ग्रंथालयात नसलेले दुसऱ्यात मिळावे म्हणूनच. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या इन्फ्लिबनेट केंद्राने 'सोल' हे ग्रंथालयांचे सॉफ्टवेअर दिले, 'एन-लिस्ट' योजनेतून साध्या महाविद्यालयांतल्या मुलांना परदेशी नियतकालिके वाचता येऊ लागली, 'शोधगंगा'वर प्रबंध खुले झाले. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने 'एक राष्ट्र, एक वर्गणी' योजना मंजूर केली. तीन वर्षांसाठी सहा हजार कोटी रुपये, तीस प्रकाशक, सुमारे तेरा हजार नियतकालिके, सहा हजार तीनशे शासकीय संस्था. परळच्या वैद्यकीय महाविद्यालयातला मुलगा आणि गडचिरोलीतला मुलगा एकच अंक उघडू शकेल, तर आंबेडकरी माणसाने त्याचे स्वागतच केले पाहिजे. दक्षिण मुंबईत २०१९ साली डॉ. होमी भाभा राज्य विद्यापीठ झाले. बाबासाहेब ज्या एल्फिन्स्टनमध्ये शिकले आणि ज्या सिडनहॅममध्ये प्राध्यापक होते, जिथे त्यांच्या पाण्याच्या भांड्यावरून सहकाऱ्यांनी कुरबूर केली, ती दोन्ही महाविद्यालये, इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स आणि सेकंडरी ट्रेनिंग कॉलेज आता एका विद्यापीठात आहेत. अशी जोडणी जिथे जिथे होते तिथे उद्या सामाईक सूची, सामाईक ओळखपत्र, सामाईक सर्व्हर येणारच.

प्रश्न इतकाच आहे की सर्व्हरवर काय जाणार? पुस्तकांची यादी जाणार, की वाचणाऱ्यांचीही? विद्यार्थ्याच्या नोंदीतला प्रवर्गाचा रकाना शिष्यवृत्तीच्या टेबलापुरता राहणार, की प्रत्येक जोडलेल्या ग्रंथालयाच्या खिडकीवर उघडणार?

तंत्रज्ञानात याचे उत्तर आहे, आणि ते महाग नाही. 'कोहा' हे न्यूझीलंडमध्ये जन्मलेले मुक्त सॉफ्टवेअर आपल्याकडची पुष्कळ ग्रंथालये वापरतात. त्यात पुस्तक परत आल्यावर वाचकाचे नाव त्या व्यवहारातून पुसून टाकण्याची सोय आहे. किती पुस्तके गेली हा आकडा शिल्लक राहतो, कोणी नेली ते नाही. नॅकला आकडाच हवा होता ना? परदेशी नियतकालिकांसाठी इन्फ्लिबनेटची 'इन्फेड' ही सामाईक प्रवेशव्यवस्था आहे. ती नीट बसवली तर विद्यार्थ्याची ओळख त्याच्याच संस्थेत तपासली जाते आणि प्रकाशकाला फक्त एवढेच कळते की हा अमुक संस्थेचा वाचक आहे. नाव, ईमेल, जात, काही नाही. पण त्याऐवजी विद्यार्थ्याला प्रकाशकाच्या संकेतस्थळावर स्वतःचे खाते उघडायला लावले की सगळे तिकडे गेले. या प्रकाशकांना भाबडे समजू नका. एल्सेव्हिअर ही नियतकालिके छापणारी कंपनी आणि लोकांची माहिती गोळा करून विकणारी लेक्सिसनेक्सिस या एकाच मालकाच्या घरातल्या. लेक्सिसनेक्सिसने २०२१ मध्ये अमेरिकेच्या स्थलांतरितांवर कारवाई करणाऱ्या खात्याशी करार केला. एल्सेव्हिअर आपल्या तीस प्रकाशकांत आहे.

अमेरिकेतच याची दुसरी बाजूही आहे. कनेक्टिकट राज्यात दोन डझनांहून जास्त ग्रंथालयांचा संगणक एक सामाईक संस्था सांभाळत असे. जुलै २००५ मध्ये एफबीआयने तिला पत्र दिले की अमुक दिवशी अमुक वेळी अमुक संगणक कोणी वापरला ते सांगा, आणि आम्ही विचारले हेही कुणाला सांगू नका. न्यायालयाचा आदेश नाही, नुसते पत्र. त्या संस्थेचे चार ग्रंथपाल नावे न सांगता न्यायालयात गेले आणि २००६ मध्ये सरकारला तोंडबंदी आणि मागणी दोन्ही मागे घ्यावी लागली. लक्षात घ्या, एफबीआय दोन डझन ग्रंथालयांच्या दारात गेली नाही. जिथे सगळे जोडलेले होते त्या एकाच दारात गेली. त्या चौघांच्या पाठीशी १९३९ पासूनची त्यांच्या संघटनेची आचारसंहिता होती, जी वाचकाची माहिती गुप्त ठेवायला सांगते. आमच्या त्या कंत्राटी ग्रंथपालबाईंच्या पाठीशी काय आहे?

उद्या पोलीस ठाण्यातून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४ खाली लेखी आदेश आला की या विद्यार्थ्याने नेलेल्या पुस्तकांची यादी हजर करा, तर त्या काय करतील? ते कलम दस्तऐवज आणि इलेक्ट्रॉनिक नोंदी दोन्ही मागू देते. जी नोंद अस्तित्वातच नाही ती मात्र कुणी हजर करू शकत नाही. वकील म्हणून मी 'पुसा' म्हणतो ते याचसाठी. आणि नोटीस येण्यापूर्वी, नियम म्हणून पुसा. आल्यावर पुसणे हा गुन्हा ठरेल.

हा बागुलबुवा नाही. भीमा कोरेगाव प्रकरणात घरांतून पुस्तके जप्त झाली. ऑगस्ट २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात 'वॉर अँड पीस' घरात का ठेवलेत, असा प्रश्न विचारल्याची बातमी जगभर गेली. ते टॉलस्टॉयचे नव्हते, जंगलमहालवरचे दुसरेच पुस्तक होते, हे दुसऱ्या दिवशी स्पष्ट झाले. पण टॉलस्टॉयचे नसले तर घरात पुस्तक असणे संशयास्पद, असा त्याचा अर्थ घ्यायचा का? व्हर्नन गोन्सालविस आणि अरुण फरेरा यांना जामीन देताना सर्वोच्च न्यायालयाने २८ जुलै २०२३ रोजी सांगितले की नुसते साहित्य बाळगणे, त्यात हिंसेचा पुरस्कार असला तरी, तेवढ्यावरून यूएपीएखालचा दहशतवादाचा गुन्हा होत नाही. हे वाक्य मिळेपर्यंत ते दोघे जवळजवळ पाच वर्षे तुरुंगात होते.

आता कायदा. २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात नऊ न्यायमूर्तींनी एकमताने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. त्यानंतर न्या. श्रीकृष्ण समितीच्या २०१८ च्या मसुद्यात जात किंवा जमात ही 'संवेदनशील माहिती' म्हणून स्पष्ट लिहिली होती. २०१९ च्या विधेयकातही ती होती. २०२३ मध्ये जो डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा झाला, त्यातून 'संवेदनशील' हा वर्गच काढून टाकला गेला. जात आणि मोबाइल नंबर एका मापाचे झाले. यावर आपल्या खासदारांनी, आपल्या वृत्तपत्रांनी, आपल्या वकिलांनी (मीही त्यात आलो) जेवढा आवाज करायला हवा होता तेवढा केला नाही. त्याच कायद्याने माहिती अधिकाराच्या कलम ८(१)(ञ) मधली जनहिताची वाट अरुंद केली, म्हणजे अधिकाऱ्याची माहिती मागितली तर ती खासगी. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले, पण संस्थांवरची मुख्य बंधने त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू व्हायची, असे ठरले.

तोवर थांबायचे कारण नाही. २०१६ च्या विद्यापीठ कायद्याने ग्रंथालयाला 'ज्ञानस्रोत केंद्र' असे भारदस्त नाव दिले आहे. त्या केंद्रांकडून आपल्या विद्यार्थी संघटनांनी लेखी विचारावे की आमच्या नावावर काय काय साठवले आहे, किती दिवस ठेवता, सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या कंपनीला काय दिसते, पुस्तकपेढीच्या नोंदी वेगळ्या ठेवता का. विद्यापीठांच्या अधिसभेवर आपले पदवीधर निवडून जातात. सामाईक सर्व्हरचा ठराव येईल तेव्हा त्यांनी हात वर करण्याआधी हेच विचारावे.

ती मुलगी परवा पुन्हा आली होती. तिने स्वतःच ग्रंथालयात अर्ज दिला होता. ग्रंथपालबाईंनी पडदा तिच्याकडे वळवून दाखवला. पहिल्या वर्षापासूनची सगळी पुस्तके, नेल्याची तारीख, परत केल्याची तारीख, शेजारी प्रवर्ग. हिने विचारले, "मॅडम, हे पुसता येईल का?" बाई म्हणाल्या, "सोय आहे गं त्यात. पण त्याचा पासवर्ड आमच्याकडे नाही, कंपनीवाल्याकडे आहे."

कंपनीला पत्र कसे लिहायचे ते विचारायला ती आली होती. मसुदा करून दिला आहे.