घरची वीज : टाकीची सावली

लिथियम की ट्युब्युलर, हा विषय या आठवड्यात घ्यायचा होता. तो पुढच्या रविवारवर ढकलतोय, कारण चिंचवडच्या एका वाचक ताईंचं पत्र. त्यांच्या गच्चीवर ५४० वॉटचे सहा पॅनेल आहेत, हायब्रिड इन्व्हर्टर आहे, बॅटरी आहे. एप्रिलमध्ये सगळं सुरू झालं तेव्हा तक्रारीला जागा नव्हती. दिवाळी सरली आणि सकाळी नऊनंतर निर्मिती निम्म्यावर यायला लागली. त्या विचारतात, ‘टाकीची सावली एकाच पॅनेलच्या कोपऱ्यावर येते, तीही वीतभर. मग सहाही पॅनेलची वीज निम्मी का होते?’ सोबत मोबाइलमधल्या आलेखाचं चित्र आहे. नऊपर्यंत छान चढणारी रेघ, मग घसरण, आणि पावणेअकराच्या सुमारास पुन्हा सरळ वर.

सावली हा माझा जिव्हाळ्याचा विषय. पॅनेल कुठल्या कंपनीचे यावर लोक महिनाभर खल करतात आणि सावलीकडे पाच मिनिटंही बघत नाहीत, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

पॅनेलमधले सेल सिरीजमध्ये जोडलेले असतात, आणि सहा पॅनेलही एकमेकांना तसेच. विहिरीपासून घरापर्यंत माणसं उभी करून हातोहात घागरी पोचवाव्यात, तसं हे काम चालतं. मधला एक जण मंदावला की सगळी रांग त्याच्याच वेगाने चालते. सावलीतला सेल तो मंदावलेला माणूस. वर बाकीचे सेल त्याच्यातून जोराने करंट ढकलू पाहतात, तेव्हा तो वीज द्यायच्या ऐवजी खायला लागतो आणि तापतो. यालाच हॉट स्पॉट म्हणतात. कबुतराच्या वाळलेल्या शिटेखालीसुद्धा हेच होतं, म्हणून ती पावसाची वाट न बघता धुवायची.

यावर उपाय म्हणून पॅनेलच्या मागच्या जंक्शन बॉक्समध्ये बायपास डायोड असतात, साधारण तीन. पॅनेलचा एक तृतीयांश भाग अडला की त्याचा डायोड करंटला बाजूने वाट काढून देतो. ताईंच्या सहा पॅनेलचे असे अठरा भाग झाले. त्यातला एक वगळला तर तूट साडेपाच टक्क्यांच्या आसपास यायला हवी. मग निम्मी कशी?

इथे संशय इन्व्हर्टरवर जातो. त्यातला एमपीपीटी हा भाग दिवसभर व्होल्टेज किंचित खालीवर करत असतो. वीज वाढली तर त्याच दिशेने पुढे, घटली तर मागे. सावली पॅनेलवर एकदम पडत नाही, इंचाइंचाने चढते. करंट हळूहळू घटतो आणि एमपीपीटी आहे त्याच व्होल्टेजच्या आसपास चाचपडत राहतो. व्होल्टेज बरंच खाली उतरवलं असतं तर डायोड चालू झाला असता आणि बाकीच्या सतरा भागांची पुरी वीज हाती आली असती. पण तिकडे जाताना आधी वीज आणखी घटते, म्हणून तो वाटेतूनच परत फिरतो. बऱ्याच इन्व्हर्टरमध्ये ‘शॅडो स्कॅन’ किंवा ‘ग्लोबल एमपीपीटी’ असा पर्याय असतो. तो चालू केला की ठरावीक वेळाने व्होल्टेजचा सगळा पट्टा तपासला जातो. त्या तपासणीत थोडी वीज वाया जाते, त्यामुळे तो पुष्कळदा बंदच ठेवलेला असतो. ताईंनी बसवणाऱ्याला फोन करून आधी एवढंच बघायला सांगावं. खर्च शून्य.

आता एप्रिलमध्ये ही सावली कुणालाच का दिसली नाही? उन्हाळ्याचं बिल आलं की माणूस सोलर बसवायला निघतो, आणि नेमका तेव्हाच सूर्य आपल्या डोक्यावर असतो. पुण्यात मेच्या मध्याला शून्य सावलीचा दिवस येतो. त्यानंतर जुलै अखेरीपर्यंत भरदुपारची सावली चक्क दक्षिणेला पडते. अशा दिवसांत टेप घेऊन आलेल्या माणसाला टाकी निरुपद्रवी दिसणारच. २२ डिसेंबरला मात्र पुण्यात सूर्य ऐन माथ्यावर आला तरी क्षितिजापासून ४८ अंशच वर असतो.

हिशोब सोपा आहे. टाकीचा माथा पॅनेलच्या खालच्या कडेपेक्षा किती उंच, तेवढं मोजा. समजा ७ फूट. डिसेंबरात दुपारी साडेबाराला सावली उत्तरेकडे सव्वासहा फूट जाईल. सकाळी साडेनऊला तीच वायव्येकडे साडेबारा फूट, आणि दुपारी साडेतीनला तेवढीच ईशान्येकडे. वास्तुशास्त्राच्या आग्रहामुळे आपल्याकडे टाकी बहुधा नैऋत्येला असते. म्हणजे तिच्या ईशान्येची जागा हिवाळ्यात तिसऱ्या प्रहरी गेलीच म्हणून समजा. जिन्याच्या खोलीचंही गणित हेच. गच्चीवर उंच सांगाडा उभारला तर बराचसा प्रश्न सुटतो, पण वाऱ्याचा जोर वाढतो. तिथे पाया आणि नटबोल्ट यांत काटकसर करू नये.

डिशच्या खांबाबद्दल आणि केबलबद्दलही बरेच जण विचारतात. सूर्य हा बिंदू नाही, अर्ध्या अंशाची तबकडी आहे. त्यामुळे एखाद्या वस्तूची गडद सावली तिच्या जाडीच्या शंभरेक पट अंतरापर्यंतच टिकते. बोटाएवढी केबल पॅनेलपासून दोन मीटर दूर असेल तर खुशाल सोडून द्या. दोन इंची खांब मात्र हातभर अंतरावर असेल तर हलवा.

‘हाफ-कट पॅनेल आहेत, सावलीचं टेन्शन नाही,’ असं विक्रेते सांगतात. त्यात तथ्य आहे, पण अर्धंच. खालचा अर्धा भाग झाकला तरी वरचा चालतो, पण निम्म्याच करंटने. सिरीजमधल्या बाकीच्या पॅनेलशी त्याचा मेळ बसायचा तो प्रश्न राहतोच.

ज्यांच्याकडे बॅटरी आहे त्यांनी तर हिवाळा वाया जाऊ देऊ नये. आभाळ निरभ्र, पॅनेल थंड. आणि पॅनेल जितका थंड तितकी वीज जास्त. दिवस आधीच लहान, त्यात सकाळचे दोन तास टाकीने खाल्ले तर बॅटरी संध्याकाळपर्यंत भरतेच असं नाही.

पुढच्या रविवारी नक्की बॅटरी. तोवर एक काम करा. चार-पाच दिवस संध्याकाळी सात आणि सकाळी सात, अशी मीटरवरची आयात युनिट टिपून ठेवा. बॅटरी आधीच असेल तर आकडे इन्व्हर्टरच्या ॲपमधून घ्या, घराच्या वापराचे. बॅटरी किती मोठी घ्यायची ते आपण त्यावरूनच काढणार आहोत.