लॅटिन ‘बिबेरे’ : एका क्रियापदाची कथा

ज्यांनी शाळेत संस्कृतातील ‘पिबति’ हे रूप पाठ केले आहे, त्यांना लॅटिनमधील ‘बिबित’ परके वाटू नये. दोहोंचा अर्थ ‘तो पितो’ असाच आहे. दोन्ही भाषा एकाच इंडो-युरोपीय कुळातल्या. आरंभीच्या ‘प’चा पुढील ‘ब’च्या सान्निध्याने लॅटिनमध्ये ‘ब’ झाला. मराठी ‘पिणे’ही याच घराण्यातले.

‘बिबेरे’ म्हणजे पिणे. याच मुळातून आलेले ‘पोतारे’ हे क्रियापद मात्र बहुधा मनमुराद मद्यपान सुचविते. त्याच्या जवळचे नाम ‘पोतियो’. त्याचा अर्थ पेय, औषधाचा घोट, आणि प्रसंगी विषाचा प्यालाही. इंग्रजीतील ‘पोशन’ व ‘पॉयझन’ हे दोन्ही शब्द त्यातूनच उद्भवले. ‘बिबेरे’ला कवींनी अधिक व्यापक केले. व्हर्जिलच्या काव्यात कुरणे पाणी पितात आणि राणी डायडो प्रेम प्राशन करते. आपल्याकडेही तहानलेली जमीन पाणी पितेच.

या क्रियापदाचे एक रूप मात्र मोठ्या कलहाचे कारण ठरले. ते रूप ‘बिबिते’, म्हणजे ‘तुम्ही प्या’. शेवटच्या भोजनाच्या वेळी प्रभू येशूने शिष्यांना दिलेली आज्ञा लॅटिन शुभवर्तमानात याच शब्दाने येते, आणि तेथे ‘सर्वांनी’ असेही म्हटले आहे. परंतु सर्वांनी म्हणजे कोणी? मध्ययुगात मिस्सेतील द्राक्षारसाचा चषक केवळ याजकाने घेण्याची रूढी पडली होती. इ. स. १४१५ मध्ये कॉन्स्टन्सच्या धर्मपरिषदेने ती नियमबद्ध केली. आज्ञा प्रेषितांना, म्हणजे याजकांना होती आणि भाकरीच्या रूपातही ख्रिस्त संपूर्ण असतो, असे परिषदेच्या पक्षाचे म्हणणे. ती सर्व भाविकांना आहे, असे बोहेमियातील हुसपंथीयांचे. १४१९ ते १४३४ या काळातील युद्धांना इतरही कारणे होती. तथापि हुसपंथीयांच्या ध्वजावर चषकाचेच चिन्ह होते. १४३६ च्या तडजोडीने तेथील प्रापंचिकांना चषक मिळाला. पुढे १९६३ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने काही प्रसंगी तो सर्वत्र देण्याची वाट मोकळी केली.

‘पिणे’ या शब्दाच्या अर्थाविषयी उभय पक्षांत मुळीच मतभेद नव्हता. वाद होता तो कर्त्याचा. क्रियापद सर्वांना कळले, तरी त्यात आपला समावेश आहे किंवा नाही, हा प्रश्न व्याकरणाने सुटत नाही.