फोन दहा, लाइनी चार

नंदुरबारच्या बाजारात मिरचीचा हंगाम सुरू झाला की पेढीवरचा फोन थांबत नाही. माल पथारीवर वाळत असतो. शेतकऱ्याला भाव हवा असतो, परगावच्या व्यापाऱ्याला गाडी कधी निघणार ते हवं असतं. नेमका तेव्हाच फोन एंगेज लागला, तर समोरचा शेजारच्या पेढीला फोन लावतो. मग नवी यंत्रणा घ्यायचं ठरतं आणि पहिला गैरसमज आडवा येतो: माणसं दहा, म्हणजे लाइनी दहा.

टेबलावरचा फोन म्हणजे एक्स्टेन्शन. बाहेरची लाइन वेगळी. दहाही जण एकाच वेळी बाहेर बोलत नसतात, म्हणून लाइनी ठरवायच्या त्या सर्वांत गर्दीच्या तासावरून. समजा, त्या तासात तीन-तीन मिनिटांचे २० फोन येतात. डेन्मार्कच्या ए. के. एरलांग यांनी १९१७ साली मांडलेल्या सूत्राने पाहिलं, तर तीन लाइनींवर साधारण सोळातला एक फोन एंगेज लागेल, चार लाइनींवर पासष्टातला एक. चौथी लाइन जरूर घ्यावी, पाचवीचे पैसे वाचवावेत. आठवडाभर वहीत फोनांची नोंद ठेवली की आपला आकडा आपल्यालाच कळतो. विक्रेत्याला बोलवायचं ते त्यानंतर.

फोन इंटरनेटवरून घ्यायचे म्हटलं, की ‘आपल्याकडचं नेट तेवढं जोरात नाही’ हेही नेहमी ऐकू येतं. इंटरनेटवरच्या एका फोनला जाता-येता प्रत्येकी फार तर १०० केबीपीएस लागतात. चार फोन मिळून अर्धा एमबीपीएससुद्धा होत नाही. आवाज तुटतो तो विलंबामुळे किंवा अधेमधे माहिती गळाल्यामुळे. त्याच लाइनवरून कॅमेऱ्यांचं चित्रण बाहेर जात असेल, तर हमखास. म्हणून चाचणी ऐन बाजाराच्या वेळी घ्या, रात्री नको. इंटरनेटवरचा फोन बेकायदा असतो, असंही काहींना वाटतं; पण परवानाधारक कंपनीकडून घेतलेली अशी सेवा बेकायदा नसते. गुन्हा आहे तो परदेशी फोन सिमकार्डांच्या पेटीतून देशी भासवून आत आणण्याचा.

लाइट गेली तरी लँडलाइन चालते, हे तांब्याच्या तारेवरच्या साध्या फोनपुरतं खरं. त्याला ४८ व्होल्ट टेलिफोन कंपनीच्या एक्स्चेंजमधल्या बॅटऱ्यांतून मिळतात. फायबरची पेटी, राउटर आणि पेढीतलं एक्स्चेंज मात्र आपल्याच विजेवर चालतं, तेव्हा यूपीएस तिघांनाही हवा.

‘हिंदीसाठी एक दाबा’ लावलं की पेढी मोठी दिसते, असंही वाटतं. धडगावहून पावरीत किंवा भिलीत बोलणारा शेतकरी फोन करतो, तेव्हा त्याला माणूस लागतो. मी तिथे यंत्राचा आवाज बसवणार नाही.

सगळ्यात महाग पडतो तो ‘नंबर कोणाच्याही नावावर चालतो’ हा गैरसमज. मुनीम स्वतःच्या आधारावर सिम घेऊन येतो आणि पेढीचे सगळे फोन त्यावर सुरू होतात. कागदोपत्री तो नंबर त्याचा असतो. तो नोकरी सोडतो, तेव्हा गिऱ्हाइकंही त्याच्याबरोबर जातात. नंबर पेढीच्या नावावर, व्यवसायाची जोडणी म्हणूनच घ्यावा. मोबाइल नंबर कायम ठेवून २०१५ पासून देशभर कुठेही कंपनी बदलता येते; ही सोय लँडलाइनला नाही. ०२५६४ ने सुरू होणारा जुना नंबर पोत्यांवर आणि बिलबुकांवर छापलेला असेल, तर नवी यंत्रणा आली तरी ती लाइन निदान एक हंगाम चालू ठेवा आणि तिच्यावर येणारे फोन नव्या नंबरावर वळवून घ्या.