फॉरवर्ड की रीडायरेक्ट?

जावातल्या रेस्ट सेवेचं रोजचं काम म्हणजे जेसन देणं. पण तिला सर्व्हरवरच तयार होणारं जेएसपी पान दाखवायचं असेल, तर वाटा दोन. रीडायरेक्टमध्ये सर्व्हर ३०२ किंवा ३०३ या कोडसह नवा पत्ता कळवतो. ब्राउझरला दुसरा हेलपाटा पडतो आणि पहिल्या विनंतीला जोडलेली माहिती वाटेतच गळते. फॉरवर्डमध्ये ‘रिक्वेस्ट डिस्पॅचर’ तीच विनंती आतल्या आत पुढच्या खिडकीवर सरकवतो. पत्ता बदलत नाही, ब्राउझरला थांगपत्ताही लागत नाही. बाहेरून न उघडणारी वेब-इन्फ फोल्डरमधली पानंही अशी उघडतात.

खरी मेख मॅपिंगमध्ये. रेस्ट सर्व्हलेटला ‘/*’ दिलं, की जेएसपीकडे निघालेली विनंती फिरून त्याच्याच दारात येते आणि बहुधा ४०४ हाती पडतो. (दुपार वाया घालवायचा खात्रीचा उपाय!) ‘/एपीआय/*’सारखा वेगळा मार्ग दिला, की सुटका.

पुट किंवा डिलीट विनंती मात्र फॉरवर्ड करू नये: टॉमकॅट ८पासून जेएसपी पान फक्त गेट, पोस्ट आणि हेड घेतं, पुट-डिलीटला ४०५. उत्तराचा काही भाग आधीच रवाना झाला असेल, तर फॉरवर्ड होतच नाही, एक्सेप्शन येतं.