टोलचा टोला

न्यूयॉर्क थ्रूवेवर १९९३ साली ‘ई-झी पास’ सुरू झाला, तेव्हा सुट्ट्या नाण्यांची कटकट संपली म्हणून सगळे खूश झाले. आता तर अनेक ठिकाणी टोलनाकेच उरलेले नाहीत. मॅसॅच्युसेट्स टर्नपाइकवर २०१६ पासून आणि पेनसिल्व्हेनिया टर्नपाइकवर २०२० पासून रोख पैसे घेतच नाहीत. वर कमान, तिच्यावर अँटेना आणि कॅमेरा. टॅग वाचला गेला तर खात्यातून पैसे वळते होतात, नाहीतर नंबरप्लेटचा फोटो निघतो. आपल्याला मात्र त्या क्षणी काहीच कळत नाही. गोम इथेच आहे.

माझेच उदाहरण सांगतो. बँकेने क्रेडिट कार्ड बदलून दिले. वीज, फोन, विमा सगळीकडे नवा नंबर कळवला, टोलखात्याला कळवायचा राहिला. खाते रिकामे झाले आणि मी रोज निर्धास्तपणे कमानीखालून जात राहिलो. नोटिसा गेल्या जुन्या घरच्या पत्त्यावर! हाती आले ते थेट वसुली कंपनीचे पत्र. चौदा फेऱ्यांचा टोल सुमारे पन्नास डॉलर आणि दंड सातशे!

फोन केला. चाळीस मिनिटे संगीत ऐकले आणि लाइन तुटली. पुढच्या खेपेस एक बाई म्हणाल्या, “आधी भरा, मग तक्रार करा.” दुसरे गृहस्थ म्हणाले, “भरलेत तर चूक कबूल केल्यासारखे होईल.” शेवटी टॅगचा नंबर, खात्याचा उतारा आणि बँकेचे पत्र जोडून लेखी अर्ज केला. सहा आठवड्यांनी बराचसा दंड माफ झाला. अर्धी चूक माझी होती, हे कबूल करायलाच हवे.

तेव्हा मंडळी, एवढे जरूर करा :

१. कार्ड, पत्ता किंवा गाडी बदलली की त्याच दिवशी टोलखात्यात नोंद करा. विकलेल्या गाडीचा नंबर काढून टाका.

२. महिन्यातून एकदा उतारा पाहा. टॅगची बॅटरी कायमची नसते.

३. भाड्याच्या गाडीत टोलसाठी कंपनी रोजचे वेगळे शुल्क लावते का, हे आधी विचारा.

४. नोटीस बाजूला टाकू नका. न्यूयॉर्कमध्ये थकलेल्या टोलपायी गाडीचे रजिस्ट्रेशनही स्थगित होऊ शकते. तक्रार लेखी करा, प्रत जपून ठेवा. फोनवर बोललात तर तारीख आणि नाव टिपून घ्या.

५. “टोल थकला आहे, इथे क्लिक करा” असा मेसेज आला तर हात लावू नका. अशा फसवणुकीबद्दल एफबीआयने २०२४ साली इशारा दिला होता. मुलांकडे राहायला आलेल्या आईवडिलांनाही हे सांगून ठेवा.

भारतातही २०२१ पासून राष्ट्रीय महामार्गांवर फास्टॅग सक्तीचा आहे, म्हणजे तिकडच्या नातेवाइकांनाही हिशेब तपासण्याची सवय हवीच. पूर्वी नाक्यावर सुटे मोजून देत होतो, आता घरी बसून उतारा मोजायचा. काम तेच, फक्त जागा बदलली!